देवलांची रूपांतरे आणि तालीममास्तराचा हात

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या नावावर सात नाटके आहेत आणि त्यांपैकी ‘शारदा’ एवढेच स्वतंत्र आहे, हे विधान नाट्येतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार आढळते. विधान खरे आहे. त्यामागचा निर्णय मात्र तपासून घ्यावा असा आहे. उरलेली सहा नाटके म्हणजे प्रतिभेच्या अभावी केलेली उसनवारी, असा तो निर्णय होय.

देवलांचे आयुष्य ज्या व्यवसायात गेले त्याकडे पाहिले म्हणजे या निर्णयाचा लंगडेपणा ध्यानी येतो. बेळगावास विद्यार्थिदशेत त्यांना अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास लाभला. पुढे नाटक मंडळ्यांतून नटांना तालीम देण्याचे काम त्यांनी केले. अशा मंडळीस बिऱ्हाडाचा आणि मुक्कामाचा खर्च रोजचाच. नवे नाटक तिला हवे असे ते लेखकाच्या स्फूर्तीच्या वेळी नव्हे, तर जुन्याचे उत्पन्न ओसरू लागले म्हणजे. शूद्रक, कालिदास, बाण, शेक्सपिअर यांच्याकडे वळण्यात ही निकड होतीच. पण पात्राच्या तोंडी बसेल, नटाला दमसास राखून म्हणता येईल, असे वाक्य घडविण्याची कार्यशाळाही देवलांना तेथेच मिळाली. ‘ऑथेल्लो’वरून केलेल्या ‘झुंझारराव’चे गद्य या दृष्टीने वाचावे.

‘संशयकल्लोळ’चा इतिहास विशेष बोलका आहे. मोलिएरच्या १६६० मधील प्रहसनातील तसबिरीचा घोटाळा आर्थर मर्फी याने १७६१ मध्ये इंग्रजीत आणला. त्यावरून देवलांनी ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक रचले, आणि अनेक वर्षांनी गंधर्व नाटक मंडळीसाठी त्यालाच संगीत रूप दिले. बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव, अशी ती योजना. गायक नटासाठी गद्य नाटकात पदे घालणे म्हणजे मंडळीच्या गल्ल्यापुढे मान तुकविणे, असे कोणी म्हणेल. आणि पुष्कळ नाटकांच्या बाबतीत ते म्हणणे यथार्थही ठरेल. येथे तसे झालेले नाही. मर्फीची नायिका कुलीन घरातील आहे. देवलांची रेवती मघा नायकिणीची मुलगी आहे, आणि तिला लग्न करून संसार थाटावयाचा आहे. त्यामुळे गाणे तिच्या अंगचे ठरते, ते वरून चिकटविलेले वाटत नाही. शिवाय अश्विनशेठच्या संशयालाही वेगळे वजन येते. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचा एकमेकांवरील संशय हा स्वभावाचा विकार आहे. अश्विनशेठच्या संशयामागे सबंध समाजाचा पूर्वग्रह उभा आहे. मूळ कथेत नसलेला हा पदर रूपांतरकाराचा स्वतःचा. तो पुरता उलगडण्याचे धैर्य मात्र नाटकात नाही; तसबिरीचा उलगडा झाला की रेवतीचा प्रश्नही हास्यात विरून जातो. हे वैगुण्य मान्य केले पाहिजे.

‘शारदा’ १८९९ मध्ये किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचे ‘सारडा’ हे नाव हरविलास सारडा यांच्यावरून पडले, या नाटकाशी त्याचा संबंध जोडणे ही नुसती नामसादृश्याची गंमत आहे.) भुजंगनाथाला वधू मिळवून देणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताचे बोलणे ऐकावे. त्यात एकही वाक्य लेखकाने प्रेक्षकांस उद्देशून उच्चारलेले वाटत नाही. दलाल आपला सौदा जुळवीत असतो, एवढेच. कांचनभटाचा लोभही असाच त्याच्या घरगुती बोलीतून उघडा पडतो. ही लेखणी ‘झुंझारराव’ आणि ‘फाल्गुनराव’ यांच्या संवादांवर घासून निघालेली होती. स्वतंत्र नाटक आणि रूपांतरे यांच्यामध्ये इतिहासकारांनी ओढलेली रेघ येथे पुसट होते.

‘एकच प्याला’ची पदे गडकऱ्यांच्या नाटकासाठी विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. देवलांनी संवाद आणि पदे दोन्ही स्वतः लिहिली, आणि दोहोंची भाषा एकच राहिली. संगीत ‘संशयकल्लोळ’ १९१६ च्या ऑक्टोबरात रंगभूमीवर आले. देवल जूनमध्येच निवर्तले होते.