एका चित्रओळीची फेरतपासणी

काही वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका स्मरणिकेत एक छायाचित्र पानभर छापले गेले. एकावर एक पंख असलेले विमान माळावर उभे आहे. भोवती दोरी लावलेली. दोरीपलीकडे टोप्या आणि फेटे, पुढे उकिडवी बसलेली पोरे. खाली चित्रओळ अशी : ‘मार्शल लॉच्या काळात, मे १९३०, सोलापुरात उतरलेले इंग्रजांचे लष्करी विमान.’ पुढे हेच चित्र मी एका प्रदर्शनात आणि एका व्याख्यानाच्या पडद्यावर पाहिले. दोन्ही ठिकाणी ओळ शब्दशः तीच होती.

ती ओळ चुकीची आहे. पण ती चुकीची आहे एवढेच सांगायचे असते तर संपादकांना पोस्टकार्ड पुरले असते.

सोलापूरकराला १९३० सांगावे लागत नाही. मे महिन्यात इथे लष्करी कायदा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. चार पुतळ्यांपाशी आम्ही रोज रिक्षा पकडतो. त्या दिवसांचे नवे छायाचित्र सापडले म्हटल्यावर कोणाचा हात थरथरणार नाही? माझाही थरथरला. म्हणूनच मूळ प्रत बघायची असे ठरवले.

प्रत ज्या घरातली, तिथल्या आजी नव्वदीला टेकलेल्या. फोटो त्यांच्या सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा. आप्पांनी १९३० मध्ये लाठी खाल्ली होती, हे घरात सगळ्यांना पाठ. फोटोच्या मागे पेन्सिलीने दोनच शब्द आहेत : ‘विमान. आप्पा.’ साल नाही, गाव नाही, मार्शल लॉ तर नाहीच. म्हणजे छापलेली चित्रओळ फोटोबरोबर आलेली नाही. ती घरातल्या आठवणीतून स्मरणिकेच्या कचेरीत तयार झाली. आप्पा आणि १९३० ही जोडी पक्की, आप्पा आणि विमान ही जोडीही पक्की. तिसरी गाठ कोणीतरी मारून टाकली.

माझे वडील गिरणीत होते. कापडाच्या इंचात किती धागे बसले हे मोजायचे त्यांचे घडीचे पितळी भिंग माझ्याकडे आहे. विमानविद्येचे माझे सगळे शिक्षण त्या भिंगातून आणि रद्दीच्या दुकानातल्या पुस्तकांतून झाले. तेच भिंग फोटोवर ठेवले.

पहिली खूण पंखांची. जुने विमान म्हणजे दोन मजली पंख आणि दोन मजली पंख म्हणजे १९३०, असा आपला ढोबळ हिशेब असतो. त्या काळी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश हवाई दलाकडे वेस्टलँड वापिटी होते. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, तीही याच विमानांवर. पण वापिटी हे धूड आहे. पंखांची लांबी सुमारे ४६ फूट, नाकावर चक्रासारखे गोल इंजिन. आमच्या फोटोत पंखाच्या टोकाशी एक माणूस ताठ उभा आहे. त्याच्या उंचीने मोजले तर पंख तीस फुटांच्या आतच बसतात. नाकही निमुळते आहे.

मग जिप्सी मॉथ? हा आक्षेप मीच माझ्यावर घेतला, कारण ते विमान १९२८ पासूनचे, आणि आकाराने बसते. पण सुरुवातीच्या जिप्सी मॉथचे इंजिन सरळ उभे. त्याच्या सिलिंडरांची डोकी नाकाच्या वर डोकावतात. फोटोत नाकाची वरची रेघ पुढे उतरत गेली आहे, वर काही नाही. म्हणजे इंजिन उलटे टांगलेले. शिवाय पंख किंचित मागे वळलेले आहेत. पुढच्या वैमानिकाला हवाई छत्रीसकट बाहेर उडी घेता यावी म्हणून वरचा पंख पुढे सरकवला, आणि तोल राखण्यासाठी पंख मागे वळवले, असे एक विमान आहे : टायगर मॉथ. त्याचे पहिले उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ चे. मे १९३० मध्ये ते जगात कुठेच नव्हते.

इथे थांबलो असतो तरी चित्रओळ पडलीच होती. पण मग फोटो कधीचा? १९३३-३४ च्या हिवाळ्यात कॅप्टन बर्नार्ड यांचा ‘इंडियन एअर पेजंट्स’ हा विमानांचा खेळ देशभर फिरला, त्याचा मोह मला बरेच दिवस होता. पण ती नागरी विमाने. त्यांच्या अंगावर मोठाली नोंदणीची अक्षरे असत. आमच्या विमानाच्या कुशीवर अक्षरे नाहीत, एक पांढुरकी गोल टिकली आहे. स्मरणिकेच्या छपाईत ती नुसता डाग वाटते.

त्या डागाने मला दोन महिने छळले. ब्रिटिश खूण म्हणावी तर मध्ये तांबडा ठिपका हवा. विमानाचे अंग गडद, म्हणून सगळ्यांनी ते खाकी धरले होते. उलगडा झाला तो विमानाच्या पुस्तकात नव्हे, फिल्मच्या माहितीत. घरगुती कॅमेऱ्यांत १९५०च्या दशकापर्यंत सर्रास चालणारी कोडॅकची व्हेरिक्रोम फिल्म तांबड्याला आंधळी होती. अशा फिल्मवर तांबडे काळे पडते, पिवळेही गडद येते आणि निळे विटून जवळजवळ पांढरे होते. आमच्या फोटोतले आकाश कोऱ्या कागदासारखे आहे, ते त्यामुळेच. आता टिकली पुन्हा बघा. तांबडा ठिपका असता तर तो काळाभोर उमटला असता. तो नाही, म्हणजे तिथे पांढऱ्यावर निळे काहीतरी आहे. गडद अंगही खाकी नसून शिकाऊ विमानांचा पिवळा रंग असणार.

भिंग तिरपे धरून, खिडकीच्या उजेडात, त्या निळ्याचे आरे मोजता आले. सगळे नाही, अकरा-बारा. पण आरेच ते. अशोकचक्र.

चक्र राष्ट्रध्वजावर आले २२ जुलै १९४७ ला. विमानांवर ते निळे-पांढरे असे थोडीच वर्षे राहिले. २६ जानेवारी १९५० पासून केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळाने त्याची जागा घेतली. फोटो या दोन तारखांमधला.

अशा चुका मीही केल्या आहेत. पूर्वी एका लेखात मी टेम्पेस्टला स्पिटफायर म्हटले होते. पंखांची गोलाई पाहिली आणि बोथट गोल नाकाकडे डोळेझाक केली. गोवा मुक्तीच्या लेखांत मिग-२१ चे चित्र छापलेले तर नेहमी दिसते. डिसेंबर १९६१ मध्ये सांबऱ्याहून हंटर उडाली, पुण्याहून कॅनबेरा. मिग आपल्याकडे १९६३ मध्ये आले. ही चूक निरुपद्रवी वाटते. पण जो वाचक विमान ओळखतो, तो त्या पानावरच्या बाकीच्या तारखाही मग संशयाने वाचतो. १९३० च्या सोलापूरला अशा साक्षीदाराची गरज नाही. त्या दिवसांचे खरे पुरावे भक्कम आहेत. त्यांच्या रांगेत हा फोटो उभा केला तर संशय त्यांच्यावरही जातो.

नातवाला हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे आप्पांचं सगळं खोटंच का, काका?” आप्पांच्या लाठीबद्दल फोटो काहीच बोलत नाही, ना बाजूने ना विरुद्ध, हे त्याला पटवायला वेळ लागला. मग मी भिंग त्याच्या हातात दिले. मार्शल लॉमध्ये राष्ट्रीय झेंडा हातात धरणे हा गुन्हा होता. या फोटोत दोरीच्या आत तिघेच जण आहेत. मधले आप्पा. त्यांचा उजवा तळवा विमानाच्या कुशीवर, टिकलीच्या बरोबर खाली टेकलेला आहे.

पुढच्या आवृत्तीसाठी मी नवी ओळ लिहून दिली : ‘भारतीय हवाई दलाचे टायगर मॉथ, अशोकचक्राच्या खुणेसह, १९४७ ते १९५०.’ आजींनी ती दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, “विमानाचं नाव घातलंस. आप्पांचं कुठंय?”

ते घातले आहे.