आगगाडीच्या आठवणी आणि त्यांतील विसर

बाळपणींच्या आगगाडीवरील स्मृतिलेख अलीकडे आमच्या वाचनांत वारंवार येतात. मुंबई-कल्याण मार्ग हा तर या लेखकांचा विशेष आवडता विषय. खिडकीसाठीं भावंडांची झोंबाझोंबी, जाड पुठ्ठ्याचें तिकीट, ठाण्याची खाडी ओलांडतांना येणारा खारा वारा, सायंकाळच्या डब्यांतील भजन, हें सर्व त्यांत हटकून असतें. आम्हीही याच मार्गावर लहानाचे मोठे झालों; तेव्हां ही गोडी आम्हांस परकी नाहीं. परंतु आठवण गोड असली म्हणजे लेख चांगला झाला, असें मानण्यास आम्ही तयार नाहीं.

या लेखांचा पहिला दोष असा कीं, त्यांत इतिहास केवळ अलंकारापुरता येतो. १६ एप्रिल १८५३ रोजीं १४ डब्यांची गाडी सुमारें ४०० पाहुण्यांस घेऊन बोरीबंदराहून ठाण्यास गेली. साहेब, सिंध व सुलतान हीं इंजिनें तिला जोडलीं होतीं. इतकें सांगून लेखक थांबतो. १८५४ सालीं ही वाट कल्याणपर्यंत वाढली ती घाटावरील कापूस बंदराशीं आणण्याच्या ओढीनें, चाकरमान्यांच्या सोयीसाठीं नव्हे, हें त्याच्या ध्यानींही येत नाहीं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला या बंदरमार्गावर विजेची गाडी सुरू झाली. ती चटकन् वेग घेई व चटकन् थांबे. त्यामुळें गाड्या वरचेवर सोडतां येऊं लागल्या. पुढें वीज कल्याणकडेही गेली आणि दूर राहून शहरांत नोकरी करणें सुलभ झालें. लेखकाचें बाळपण ज्या उपनगरांत गेलें, तें असें वाढलें. मग हा इतिहास त्याच्याच घराचा नव्हे काय? गोविंद नारायण माडगांवकरांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालचें. डोळ्यांदेखत बदलणाऱ्या शहराकडे चौकसपणें कसें पाहावें, हें त्यांत आजही शिकतां येतें.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे, आणि तो गर्दीच्या कौतुकाचा. दारांत लोंबकळणें ही या लेखांत एक मौज ठरते. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ भरगच्च गाड्यांच्या दारांतून प्रवासी खालीं पडले व कांहींचे प्राण गेले. ते घरून कामास निघालेले लोक होते. ही वार्ता वाचल्यावर ती मौज आमच्यानें वाचवेना.

लहानपणीं वडील आम्हांस दारापाशीं उभें करून खाडी दाखवीत. एका हातानें ते खांब धरीत, दुसऱ्यानें आमचें मनगट. खाडी आम्हांस नेहमीं आठवली. मनगटावरची ती घट्ट पकड मात्र आम्ही कित्येक वर्षें विसरलों होतों. स्मृतिलेखकांनीं खाडीचें वर्णन अवश्य करावें. पण त्या हाताचेंही करावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.