वाटाड्याचें ऋण

प्रवासवर्णनाचा नायक कोण? जो चालला तो, असें कोणीही म्हणेल. परंतु ज्या प्रदेशांत पाण्याचा ठिकाणा ठाऊक असल्यावांचून चार दिवसही निभाव लागत नाहीं, तेथें हें उत्तर अपुरें पडतें. कॉलिन फ्लेचर यांचा 'द मॅन हू वॉक्ड थ्रू टाइम' (१९६८) हा ग्रंथ वाचतांना ही शंका वारंवार मनांत येते.

१९६३ सालीं फ्लेचर पाठीवर ओझें घेऊन अमेरिकेंतील ग्रँड कॅन्यनमधून, तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुमारें दोन महिने एकटे चालले. खालीं कोलोराडो नदी वाहत असते. पण मध्यें कडे आडवे येतात. म्हणून पांथस्थाची सारी भिस्त बाजूच्या दऱ्यांतील झऱ्यांवर. पठारावर पडलेलें पाणी चुनखडीच्या थरांतून झिरपतें, खालच्या अभेद्य मृण्मय खडकावर अडतें आणि कड्यांतून बाहेर फुटतें. या थरांकडे पाहतां पाहतां लेखकाची कालविषयक जाणीव कशी पालटते, हें सांगणारीं पानें ग्रंथांत सर्वोत्तम आहेत.

तथापि या एकांतामागें वाटाडे होते. त्या दरींत वर्षानुवर्षें भटकलेले गणिताचे प्राध्यापक हार्वे बुचार्ट यांजकडून फ्लेचर यांनीं वाटा समजून घेतल्या, आणि ती गोष्ट ते प्रांजळपणें सांगतात. पण प्रवासाचा आरंभ झाला तो सुपाई गांव हवासूपाई लोकांचा. या नांवाचा अर्थच 'निळ्याहिरव्या पाण्याचे लोक' असा आहे. पाण्याशीं पिढ्यानुपिढ्या नातें असलेला समाज पाठीशीं असतां शीर्षकांत मात्र मनुष्य एकच उरतो, हें आम्हांस खटकतें.

याच्या शेजारीं मेरी ऑस्टिन यांचें 'द लँड ऑफ लिटल रेन' (१९०३) ठेवून पाहावें. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांतील पाणवाटांवरील प्रकरणांत या बाई जनावरांच्या पाऊलवाटांमागून जातात, शोशोनी लोकांनीं मांडलेली दगडांची खूण पाहतात, आणि विस्मृत झालेल्या एका प्राचीन लोकसमूहानें झऱ्याची दिशा दाखविण्यासाठीं खडकावर कोरलेल्या बाणापाशीं थांबतात. लेखिका येथें अनुयायी आहे, आणि त्यामुळें तिच्या गद्यास उणेपणा आलेला नाहीं.

हा वाद केवळ शैलीचा नव्हे. ग्रँड कॅन्यनमधील एका झऱ्याकाठच्या हिरव्या जागेंतून शेवटच्या हवासूपाई रहिवाशास १९२८ सालीं बळानें घालवून देण्यांत आलें. ती जागा पुढें दीर्घकाळ 'इंडियन गार्डन' म्हणून ओळखली गेली. 'हवासूपाई गार्डन्स' हें नांव तिला २०२२ मध्यें मिळालें. आज मार्गदर्शकांच्या मागून उतरणाऱ्या कित्येक टोळ्या तेथें विसांवा घेतात व पाणी पितात. अशा यात्रेस निघणाऱ्यानें फ्लेचर अवश्य वाचावा. पण ऑस्टिनबाई आधीं वाचाव्या, म्हणजे झऱ्यापाशीं ओंजळ भरतांना तो कोणीं दाखविला याची आठवण राहील.