वाडा राजाचा, व्हाउचर खजिनदाराचे

फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठचे 'किल्ले' पाहायला जाणाऱ्या मराठी माणसाची पहिली फसवणूक भाषांतरात होते. 'शातो' म्हणजे किल्ला, असे कोशात दिलेले असते, आणि किल्ला म्हटल्यावर आपल्या गुडघ्यांना जे आठवते त्यातले तिथे काही नसते. चढ नाही, धाप नाही, अर्ध्या वाटेवर ताक विकणारी बाई नाही. गाडी थेट फाटकापर्यंत जाते, फाटकाच्या आत फुलांचे वाफे असतात, आणि शत्रूला अडवण्यासाठी असलेल्या खंदकात बदके पोहत असतात. यातले प्रसिद्ध वाडे सोळाव्या शतकातले. इंग्रजांशी चाललेले शंभर वर्षांचे युद्ध १४५३ साली संपले होते, बुरूज उरले ते शोभेपुरते. तेव्हा किल्ला हा शब्द आपण रायगडाला ठेवू, आणि यांना सरळ वाडा म्हणू.

आता वाड्याचे परीक्षण कसे करायचे? जाणकार लोक कमानी पाहतात, खांब पाहतात, "इथे इटलीची छाप दिसते" म्हणतात. मी बी.कॉम. आहे आणि तेवीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. कुठलीही मोठी वास्तू दिसली की माझ्या मनात एकच प्रश्न येतो. हे कुठल्या खात्याला नावे पडले? भाच्याच्या गाडीतून मी आणि सौ. पाच दिवस त्या भागात हिंडलो, ते हा प्रश्न बरोबर घेऊन. माझे पुढचे मत सौंदर्यशास्त्राला धरून नसले तर ते या सवयीमुळे, असे समजावे.

सर्वांत मोठा वाडा शाँबोरचा. राजा पहिला फ्राँस्वा याने १५१९ साली सुरू केलेला. चारशेंवर खोल्या, २८२ शेकोट्या, ७७ जिने, आणि भोवतीच्या शिकारीच्या रानाला ३२ किलोमीटर लांबीची भिंत. आता जमेची बाजू पाहा. बत्तीस वर्षांच्या कारकिर्दीत राजा इथे राहिला एकूण बहात्तर दिवस. म्हणजे मुक्कामाच्या प्रत्येक दिवसामागे जवळजवळ चार शेकोट्या. आमच्याकडे अशा मालमत्तेला डेड स्टॉक म्हणतात, आणि दर मार्चला तिच्यावर घसारा लावतात. राजा यायचा तेव्हा पलंग, गालिचे, पडदे गाड्यांत घालून बरोबर आणायचा आणि जाताना घेऊन जायचा. एरवी वाडा रिकामा.

तिथला मधला जिना मात्र जगप्रसिद्ध आहे. एकाच गाभ्याभोवती दोन जिने वेटोळे घेत वर जातात. एकावरून चढणारा आणि दुसऱ्यावरून उतरणारा, दोघे एकमेकांना खिडक्यांतून पाहतात, पण गाठ पडत नाही. ही कल्पना लिओनार्दो दा विंचीची असावी असा पुष्कळांचा तर्क आहे. तो शेवटची तीन वर्षे जवळच आंब्वाझला राजाचा पाहुणा होता, आणि काम सुरू झाले त्याच वर्षी वारला. मला तो जिना म्हणजे नावे आणि जमेचा दगडी नमुना वाटला. दोन्ही बाजू डौलाने वर चालल्या आहेत आणि टॅली कुठेच होत नाही. सौ.ने खालपासून वरपर्यंत पाहून एवढेच विचारले, "अहो, वरच्या मजल्यावर गरम जेवण कसं पोचत असेल?" मला वाटते, शाँबोरवर याहून नेमकी टीका कोणी केली नसेल.

या वाड्याचा खरा उपयोग पहिल्यांदा झाला तो १९३९ साली. युद्धाच्या भीतीने पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातली चित्रे पेट्यांत भरून इथे आणून ठेवली, त्यांत मोनालिसाही होती. सव्वाचारशे वर्षांनी का होईना, राजाच्या वाड्याचा चांगला सेफ डिपॉझिट लॉकर झाला.

बगीच्यांत नाव व्हिलाँद्रीचे. वाडा बांधला ज्यां ल ब्रतों या राजाच्या खजिन्याकडच्या अधिकाऱ्याने. (खजिन्याकडचा, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.) बाग मात्र सोळाव्या शतकातली म्हणून पाहायची असली, तरी १९०६ साली वाडा विकत घेतलेल्या होआकिम कार्व्हालो या स्पॅनिश डॉक्टरने, संशोधन सोडून, जुन्या नमुन्यांवरून ती नव्याने केली. गिरगावातल्या कित्येक चाळी तिच्याहून वडील आहेत. पण बाग झकास, कारण तिच्यात भाजी आहे. नऊ मोठे चौरस, आणि त्यांत कोबी, बीट, सेलरी, भोपळे अशा रांगांनी लावलेले की गालिचा वाटावा. बाजूला प्रेमाचा बगीचा आहे. छाटलेल्या झुडपांचे चार चौरस, कोवळे प्रेम, उत्कट प्रेम, चंचल प्रेम आणि शोकान्त प्रेम. शेवटच्यात झुडपांच्या कट्यारी आहेत. सौ.ने चारही नीट पाहिले आणि भाच्याला विचारले, "आणि लग्नानंतरचं कुठंय?" त्याने मुकाट्याने भाजीच्या मळ्याकडे बोट दाखवले.

देवळांबद्दल, म्हणजे चर्चबद्दल, थोडक्यात लिहितो. तिकीट नसलेली, सावलीची आणि बसायला बाके असलेली सार्वजनिक जागा या दृष्टीने ती सगळीच उत्तम. लक्षात राहिले ते काँदचे. व्हिएन नदी ल्वारला मिळते तिथे हे गाव आहे. संत मार्तिन ३९७ साली इथे वारला. हा मूळचा रोमन सैनिक. वेशीवर कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने तलवारीने आपली शाल कापून अर्धी दिली. बरोबर अर्धी. त्या शालीच्या लॅटिन नावावरूनच 'चॅपेल' हा शब्द आला. तो वारल्यावर देह कोणाचा, यावरून प्वातिएच्या आणि तूरच्या लोकांत तंटा लागला. रात्री प्वातिएवाल्यांचा डोळा लागताच तूरवाल्यांनी देह खिडकीतून बाहेर काढला आणि होडीत घालून पळवला, असे सहाव्या शतकातल्या तूरच्या बिशपनेच लिहून ठेवले आहे. चोरीची नोंद चोरांच्या बाजूच्या माणसाने इतक्या स्वच्छपणे केलेली मी कुठल्याही ऑडिट रिपोर्टात पाहिली नाही.

आता खजिन्याकडच्या लोकांचे. या भागातले सर्वांत देखणे दोन वाडे राजाने बांधलेलेच नाहीत. ते बांधले राजाच्या हिशेबनिसांनी. शेर नदीवरचा शनाँसो तोमा बोइएने, आंद्र नदीतला आझे-ल-रिदो जिल बेर्तेलोने. दोघेही सरकारी पैशाचे काम बघणारे, कामानिमित्त सदा बाहेर. त्यामुळे प्रत्यक्ष बांधकामावर उभ्या राहिल्या त्यांच्या बायका, शनाँसोला कातरीन ब्रिसोने आणि आझेला फिलिप लेस्बाई. (फिलिप हे बाईचे नाव. भाच्याने दोनदा सांगितल्यावर माझा विश्वास बसला.)

बोइएने असे बोधवाक्य घेतले होते की हे काम तडीस गेले तर माझी आठवण राहील. काम बरेचसे तडीस गेले. तो १५२४ साली वारला, दोन वर्षांनी बायको. मग हिशेब तपासले गेले, येणे निघाले, आणि १५३५ साली मुलाने बापाच्या देण्यापोटी वाडा राजाच्या हवाली केला. पुढे दुसऱ्या हेन्रीने तो आपल्या प्रेयसीला, दियान द प्वातिएला दिला. तिने नदीवर पूल बांधला. राजा १५५९ साली मेल्यावर त्याच्या राणीने, कातरीन द मेदिचीने, तो तिच्याकडून काढून घेतला आणि पुलावर साठ मीटर लांबीचे दालन चढवले. आज मार्गदर्शक तिथे या दोघींचे भांडण रंगवून सांगतात. ऐकायला गंमत वाटते, पण मला ते दालन आवडले ते वेगळ्याच कारणाने. वाडा १९१३ पासून मेनिए या चॉकलेटवाल्या कुटुंबाकडे आहे. पहिल्या महायुद्धात त्यांनी या दालनात इस्पितळ चालवले, दोन हजारांवर जखमी सैनिकांवर इथे उपचार झाले. दुसऱ्या युद्धात शेर नदी हीच सीमारेषा झाली. वाड्याचे पुढचे दार जर्मनांच्या मुलखात, दालनाचे मागचे दार पलीकडच्या मोकळ्या मुलखात. त्या दारातून माणसे पार झाली. नाचासाठी बांधलेल्या खोलीला याहून चांगला शेरा कोणता मिळणार!

आणि आझे. पाण्यात उभा असलेला हा वाडा काटकोनात आहे. दोन बाजू आहेत, पुढच्या नाहीत. काही रसिक या अपुरेपणात नजाकत शोधतात. त्या बाजू नाहीत, कारण पैसे देणारा पळाला.

झाले असे. राजाला इटलीत लढाया हव्या होत्या. त्यासाठी लागणारी कर्जे उभी करणारा मुख्य माणूस म्हणजे साँब्लाँसे, सगळ्या हिशेबनिसांचा वडीलधारा. राजाची पत कमी पडे तिथे याने स्वतःची गहाण टाकली. १५२५ साली पाव्हियाला राजा लढाई हरला आणि स्वतःच कैद झाला. सुटून आल्यावर पैसे गेले कुठे याची चौकशी झाली. लढाया कोणी मागितल्या हा प्रश्न चौकशीच्या कक्षेत येत नव्हता. १५२७ च्या ऑगस्टमध्ये, सत्तरी केव्हाच ओलांडलेल्या साँब्लाँसेला पॅरिसबाहेर माँफोकाँच्या वधस्तंभावर फाशी दिले. तो बेर्तेलोचा नातेवाईक. बेर्तेलोने ओळखले की पुढचे व्हाउचर आपले. तो पळाला आणि परमुलखात वारला. राजाने वाडा जप्त केला आणि पुढे आपल्या शरीररक्षकांच्या एका सरदाराला बक्षीस दिला.

बेर्तेलो हात स्वच्छ ठेवून होता असे माझे म्हणणे नाही. त्या काळी सरकारी पैसा आणि घरचा पैसा एकाच पेटीत असे, आणि असा वाडा नुसत्या पगारात उठत नाही, एवढे मलाही कळते. पण कॅश शॉर्ट आली की ती काउंटरवरच्या माणसाच्या खिशातून भरून घ्यायची, आणि बुडीत कर्ज मंजूर करणारा बढतीवर बदलून जायचा, ही रीत सोळाव्या शतकातली आहे हे मला तिथे कळले. मार्गदर्शक या सगळ्याला दीड वाक्य देतात आणि छताकडे वळतात. माझ्या मते हा या वाड्यांच्या सादरीकरणातला सर्वांत मोठा दोष.

आझेच्या भिंतीवर राजाचे चिन्ह, ज्वाळांतला सॅलमँडर, कोरलेला आहे. बेर्तेलोने तो कौतुकाने काढून घेतला होता, साहेबांच्या केबिनमध्ये साहेबांचाच फोटो लावावा तसा. जप्तीनंतर बदलावा लागला नाही.

पण वाडा म्हणून विचाराल, तर शाँबोरपेक्षा आझे कितीतरी सरस, आणि त्याचे कारण तिथला जिना. फ्रान्समध्ये तोवर बहुतेक जिने गोल गोल चढायचे. आझेचा सरळ चढतो, मध्ये सपाट जागा, मग वळून पुन्हा सरळ. उजेड भरपूर. सौ. एका दमात वर गेली, खाली आली, आणि कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "हा त्या फिलिपबाईनंच करून घेतला असणार. दोन्ही हातांत सामान असलं तरी चढता येतं."