सपाट कागद आणि भिंतीची जाडी

शिसपेन्सिल, पट्टी, गुण्या आणि खोडरबर एवढ्या चार साधनांनी सपाट कागदावर घनरूप वस्तू उभी करता येते, हे शाळेतील प्रत्येक मूल जाणते. एक चौकोन काढावा, त्याच्या तीन कोनांतून तिरप्या समांतर रेषा ओढाव्या, त्यांची टोके जोडावी, की पेटी तयार! या युक्तीचे कौतुक आम्हांसही आहे. परंतु युक्ती निराळी आणि कला निराळी. पेटीचा आकार दिसला म्हणजे तिचा भरीवपणा दिसला असे होत नाही. आणि ज्या चित्रात वस्तूच्या पोटात काय आहे याची जाणीव नाही, त्यास तिसऱ्या परिमाणाचे चित्र म्हणावयास आमचे मन घेत नाही.

हे परिमाण कागदावर आणण्याचे मार्ग अनेक आहेत. दूर जाणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळविण्याची, म्हणजे यथार्थदर्शनाची, रीत इटलीतील अल्बेर्ती याने १४३५ साली ग्रंथात मांडली. तीत वस्तू डोळ्यास दिसते तशी उमटते, पण मागची बाजू आखूड होते व मापे बिघडतात. केंब्रिजचे फॅरिश यांनी १८२२ मध्ये समजावून दिलेल्या रीतीत तिन्ही दिशांची मापे एकाच प्रमाणात राहतात. चित्र किंचित कृत्रिम वाटते, पण सुतारास व गवंड्यास ते उपयोगी पडते. आणि आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राने पत्रज, ऐरिक व बिंदुज अशा तीन ‘वर्तना’ सांगितल्या आहेत. पानाच्या शिरांसारख्या रेषा, अतिसूक्ष्म रेषा आणि ठिपके, एवढ्यावरच गोलाई साधावयाची! म्हणजे साधनांचे दारिद्र्य ही सबब कोणासच सांगता येणार नाही. उणीव असते ती वस्तूच्या ज्ञानाची.

हा वाद चित्रकलेच्या वर्गापुरताच आहे असे मात्र वाचकांनी समजू नये. धाराशिव जिल्ह्यातील, आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर हे गाव डोळ्यांपुढे आणावे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपाने ज्या गावांवर घाला घातला, त्यांत सास्तूर होते. या टापूतील जुने घर म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती, आत लाकडी खांब व तुळयांचे खण, आणि वर मातीचे जड माळवद. समोरून पाहणाऱ्यास ती भिंत म्हणजे अभेद्य तट वाटे. वस्तुतः तिचे दोन पदर असत, मध्ये मातीगोट्यांची भर असे, आणि दोन्ही पदरांस सांधणारे लांब दगड बहुधा नसतच. धक्क्यासरशी पदर सुटले आणि हजारो माणसे दगडमातीखाली गाडली गेली. लाकडी खण मात्र कित्येक ठिकाणी तसेच उभे राहिले. घातक दोष दर्शनी बाजूस नव्हता, तो जाडीच्या पोटात होता. तो दाखविणारे चित्र एकच: उभा छेद. आणि तो काढावयास पट्टी व पेन्सिलीपेक्षा अधिक काही लागत नाही!

पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. सरळ रस्ते, आखीव चौक, आणि जमीनधारणेनुसार २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरे. या आखणीस आम्ही दूषणे देत नाही. उघड्यावर पडलेल्या माणसास आधी छप्पर हवे असते. परंतु घराची किंमत चौरस फुटांत सांगितली, की ते घर लांबीरुंदीपुरतेच उरते. ओसरीची सावली, कोनाड्याची खोली, उंबऱ्याची उंची, माळवदावरची उन्हाळ्यातील निजण्याची जागा, यांचा हिशेब वरून पाहिलेल्या नकाशात कोठून येणार?

राज्याच्या रेखाकला परीक्षांत स्मरणचित्र हा विषय आहे, आणि इंटरमीजिएटच्या पायरीवर घनभूमितीही आहे. विद्यार्थी शंकू आणि लोलक बिनचूक काढतो, आणि स्मरणचित्रात ठराविक जत्रा व ठराविक बसथांबा रंगवितो. भूमितीस स्मरण नाही आणि स्मरणास घनता नाही, अशी ही फारकत आहे. आमची सूचना अशी की, सास्तूरसारख्या गावी ही दोन्ही एकत्र आणावी. मुलांनी आजीआजोबांस विचारून जुन्या घराची मापे हात व खण यांत टिपावी. मग नकाशा, दर्शनी बाजू व उभा छेद काढून शेवटी तिन्हींवरून संपूर्ण घर उभे करावे. त्या वेळी जी माणसे विशीत होती, तीही आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. हे काम फार काळ थांबणारे नाही.

यास कोणी मृत घराचा मोह म्हणेल. तो आक्षेप आम्हांस मान्य नाही. असे चित्र जुन्या घराची स्तुती करणार नाही. त्यात उभा राहिलेला खण दिसेल, तशीच सुटलेली भिंतही दिसेल. जिव्हाळा आणि दोषदर्शन एकाच रेषेत मावतात, हेच घनचित्राचे खरे सामर्थ्य होय. वृद्धाने सांगितलेले माप नातवंडाच्या पट्टीखाली येऊन छेदात उतरेल, तेव्हा त्या कागदावर भिंतीची जाडी उमटेल, आणि पुढची भिंत कशी बांधावी हेही त्या मुलास कळेल.