श्रद्धा वयात येते तेव्हा

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. या पुस्तकाचा प्रांजळपणा, त्यातला विनोद, घरगुती बोलीचा गोडवा, ना. वा. टिळकांसारख्या लहरी आणि थोर पतीबरोबरचा संसार यांवर समीक्षक मनापासून बोलतात. धर्मांतराचा भाग आला की मात्र बहुतेकांची लेखणी घाईने पुढे सरकते. उलट काही ख्रिस्ती वाचक नेमका तेवढाच भाग उचलतात आणि ‘साक्ष’ म्हणून वाचतात. मला ही दोन्ही वाचने अपुरी वाटतात. माझ्या मते ‘स्मृतिचित्रे’चा खरा विषय धर्मांतर नव्हे. त्याच्या आधी आणि नंतर श्रद्धा हळूहळू वयात कशी येते, हा आहे.

या वाढीसाठी नव्या करारात एक अगदी स्वयंपाकघरातला दृष्टान्त आहे. तुम्ही अजून तान्ही आहात, म्हणून मी तुम्हाला दूध पाजले, जड अन्न दिले नाही, अशा अर्थाचे पौलाने करिंथकरांना कळवले आहे. ही तान्हेपणाची खूण कोणती? तर त्यांच्यातला हेवा, भांडणे आणि तट. म्हणजे पौलाच्या हिशेबी प्रौढपण पाठांतरावर मोजायचे नाही. माणूस माणसाशी कसा वागतो यावर मोजायचे. हे माप हाती घेऊन ‘स्मृतिचित्रे’ वाचली, तर तिच्यातले अन्नपाण्याचे प्रसंग निराळ्याच तेजाने उजळतात.

पुस्तक सुरू होते तेच सोवळ्याने. १८५७ च्या धामधुमीनंतर नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला फाशी झाली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. विटाळाच्या भयाने घरातली पोरेबाळे कशी पोळून निघाली, हे लेखिका हसत हसत सांगते. पण या हसण्याखाली एक प्रश्न दबलेला आहे: देवाची भीती आणि माणसाची किळस या दोन गोष्टी एकच आहेत काय? पुढचे सारे पुस्तक या प्रश्नाचे उत्तर शोधीत जाते.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. त्याआधी बुद्धीने, वाचनाने, वादाने त्यांनी आपली वाट काढली होती. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले ते केवळ त्या निर्णयाचे परिणाम: नवरा जिवंत असून तुटलेला संसार, पदरी लहान मूल, नातलगांचा आधार आणि लोकांची बोलणी. पुढे त्या टिळकांकडे राहायला गेल्या त्याही आपली जात आणि आपली चूल वेगळी राखून. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही, ही गोष्ट मला टिळकांच्या कोणत्याही कवितेइतकी मोलाची वाटते. एका छपराखाली दोन चुली पेटू देणारा माणूस दुसऱ्याच्या वाढीला लागणारा वेळ ओळखतो.

आणि लक्ष्मीबाईंचे मन वळले ते कशाने? प्रवचनाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, या एका प्रश्नाशी त्या एकट्याच झगडल्या. माणसानेच केली असे मनाला पटले, तेव्हा कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याला अडसर उरला नाही. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी माणसे जवळची झाली, मग धर्म बदलला. पौलाचे ‘जड अन्न’ या बाईने अक्षरशः दुसऱ्याच्या ताटातून उचलले.

आमच्या सीमाभागातल्या आणि गोव्याच्या वाचकांना येथे फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ आठवल्यावाचून राहणार नाही. १६१६ साली राचोल येथे छापलेला हा ग्रंथ नव्याने ख्रिस्ती झालेल्यांसाठी रचलेला. जन्माने इंग्रज असलेल्या माणसाने मराठी ओवीत भरवलेले ते दूध होते, आणि ते फार प्रेमाने भरवलेले होते. पण तो शिकवणाऱ्याचा ग्रंथ आहे. शिकणाऱ्याच्या पोटात पुढे काय घडले, हे कळायला मराठीला तीन शतके थांबावे लागले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली.

काही श्रद्धाळू वाचकांचा आक्षेप मी ऐकला आहे, की या पुस्तकात पाप, प्रायश्चित्त, तारण यांची चर्चा फार थोडी आहे. आक्षेप खोटा नाही. प्रार्थनेविषयी लक्ष्मीबाई बेताने बोलतात. अंतरंग उघडण्यापेक्षा प्रसंग सांगणे त्यांना अधिक साधते. उत्तरार्धात तर प्रसंगांची गर्दी होते आणि मनाचा धागा वाचकालाच शोधावा लागतो. पण प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करणारी, परक्यांची अनाथ मुले पोटाशी धरणारी बाई पाहिली की वाटते, चर्चा नसेल, तिचा निष्कर्ष मात्र पानोपानी आहे. शिवाय तिचा विनोद. स्वतःच्या जुन्या सोवळ्याला ती हसते, पण सोवळे पाळणाऱ्या आपल्या माणसांचा तिरस्कार करीत नाही. नव्या धर्मात गेलेल्याला जुन्या घराविषयी असे निर्विष बोलता येणे, हीच मला प्रौढपणाची सर्वांत खात्रीची खूण वाटते.

टिळकांचीही वाढ बाप्तिस्म्याशी थांबली नव्हती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ साली ते गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा फार मोठा भाग पुढे लिहिला. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रे’च्या जवळपासही येत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु ज्या नावामुळे एके काळी संसार मोडला, त्याच नावाची कथा तिने स्वतःच्या शब्दांत पुरी करायला घ्यावी, याला वाङ्मयीन मोजपट्टी पुरत नाही.

‘स्मृतिचित्रे’चा इंग्रजी अनुवाद १९५० साली ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने निघाला. ते नाव वाचताच पतीमागून चाललेली पत्नी डोळ्यांपुढे येते, आणि फिलिप्पैकरांस लिहिणारा पौलही आठवतो: मी पोहोचलो असे नाही, पण मागे लागलो आहे, असे सांगणारा.

धर्मांतराचा विषय निघाला की आजही आवाज चढतात. कोण कुठे गेला, किती गेले, कोणी नेले, एवढेच विचारले जाते. तेथे जाऊन माणूस मोठा झाला काय, हे कोणी विचारीत नाही. आणि जे कुठेच गेले नाहीत ते मोठे झाले काय, हेही नाही. दोन भाषांच्या आणि चार धर्मांच्या गल्ल्यांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ‘स्मृतिचित्रे’ एवढ्यासाठी पुन्हा वाचावी. त्यात आपल्या घरातल्या चुली मोजून होतील.