भिजत घोंगडे : विद्यार्थिकलेतील सामग्री आणि स्मृती

मिश्रमाध्यमातील विद्यार्थिकलेची चर्चा करताना ‘वैयक्तिक स्मृती’ हा शब्दप्रयोग फार सहजपणे केला जातो. आजीच्या लुगड्याचा पदर, जुने पोस्टकार्ड किंवा घोंगड्याचा तुकडा फलकावर चिकटविला की स्मृती चित्रात उतरली, असे मानण्यात येते. हे गृहीत तपासणे अवश्य आहे. कारण त्यामुळे कृतीऐवजी कर्त्याच्या घराण्याचे मूल्यमापन होऊ लागते.

सातारा जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील माण तालुक्यात म्हसवड हे घोंगड्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर कातली जाते, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात आणि सणगर ते मागावर विणतात. घोंगड्याचा खरखरीतपणा व जडपणा ही या श्रमांचीच खूण होय. रेंगाळलेल्या प्रश्नाला मराठीत ‘भिजत घोंगडे’ म्हणतात. परंतु ओले घोंगडे जन्मात न उचललेला मनुष्यही हा वाक्प्रचार बिनचूक योजतो. त्यातील वजन गेले, संकेत तेवढा उरला.

चिकटविलेल्या तुकड्याचीही हीच गत होते. प्रेक्षक त्यावरून ‘खेडे’, ‘दुष्काळ’, ‘आजी’ एवढे वाचतो आणि पुढे सरकतो. तो तुकडा केवळ नाम असतो. त्याला क्रियापद लाभलेले नसते.

पिकासोने १९१२ साली वेताच्या विणीची छापील नक्कल असलेले मेणकापड चित्रात बसविले व चित्राभोवती खरा दोर लावला. तेथे खरे कोणते, भासमान कोणते, हा प्रश्न सामग्रीच उभा करते. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती येथे १९८६ साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते यांचे उदाहरण अधिक निकटचे आहे. खाणकामगारांच्या कुटुंबातील हा कलावंत कोळशाने रेखाटतो. मनुष्य, पशू व यंत्र त्याच्या आकृतींत एकमेकांत मिसळतात. वस्तुतः रेखाटनाचा कोळसा लाकडाचा, खाणीतला दगडी. म्हणजे स्मृती अस्सल अवशेषात नसून काळवंडण्याच्या क्रियेत आहे.

विद्यार्थी नवशिका असतो, चिकटविणे ही त्याची पहिली पायरी होय, हा आक्षेप रास्त आहे. मात्र पहिल्या पायरीलाच पूर्ण गुण मिळाले, तर दुसरी चढण्याचे कारण उरत नाही. घोंगड्याचा तुकडा काढून घेतल्यावर चित्राचा तोल, पोत वा अर्थ ढळतो काय, हा प्रश्न अध्यापकाने विचारावा. काहीच ढळत नसेल, तर सणगराचे श्रम तेथे केवळ अलंकार झाले, आणि माणदेशच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या गावाचे नाव सांगण्यापलीकडे काही सांगता आले नाही.